मणका तोच, देश वेगळा : मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरचं जगणं

कृष्णाकाठ

मंडळी, आरोग्य विभागात शोधलं तर मणक्याच्या शस्त्रक्रियेवर दोन-तीन धागे सापडले. पण शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी आला की पुढे काय, यावर काहीच नाही. म्हणून हा धागा काढते.

माझी दुखापत डी-१२ची, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्याची (सी म्हणजे मानेचा मणका, डी पाठीचा, एल कमरेचा), आणि कम्प्लीट, म्हणजे पूर्ण. कमरेखाली संवेदना नाही, लघवी-शौचावर ताबा नाही, हात मात्र ठणठणीत. सांगलीत राहते, दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. त्यात ऑकलंडपासून रत्नागिरीपर्यंतचे मराठी बोलणारे मज्जारज्जूवाले आणि त्यांच्या घरचे आहेत. एमआरआय शेजारी ठेवले तर कोण कुठल्या देशातलं हे सांगता येणार नाही. दिवस कसा जातो ते विचारलं, की लगेच कळतं.

लोक मला हमखास विचारतात, "परदेशात असतीस तर चालायला लागली असतीस का?" नाही. मज्जारज्जू पूर्ण निकामी झाला असेल तर तो पुन्हा जोडून देणारा उपचार आज कुठल्याच देशात नाही. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये मागणारे आपल्याकडेही आहेत आणि बाहेरही. त्यांच्या नादी लागून शेत विकलेली घरं मी पाहिली आहेत. कृपया तो पैसा चांगली गादी, चांगली व्हीलचेअर आणि न्हाणीघर यांवर घाला.

फरक पडतो तो बाकी सगळ्यात. मला असं दिसतं की प्रत्येक देश जखमी माणसाला आधी एक प्रश्न विचारतो आणि त्याच्या उत्तरावर पुढची वर्षं ठरतात. न्यूझीलंड विचारतो, अपघात की आजार? जर्मनी विचारतो, कामावर असताना पडलात का? ऑस्ट्रेलिया वय विचारतं, अमेरिका विमा विचारते. आपल्याकडे विचारतात, "घरी कोण आहे?"

हा प्रश्न मला डिस्चार्जच्या दिवशी विचारला गेला. आई आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर सही केली. घरी जाऊन लघवीची नळी कशी घालायची, कूस किती वेळाने बदलायची, शौचाचं काय करायचं, कुणी काही शिकवलं नाही. शेजारच्या खाटेवर माझ्याच वयाची एक मुलगी होती, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. तिच्या सासरच्यांनी तिला तिथूनच माहेरी पाठवलं. माहेरी आई नव्हती, भावाचा संसार. पुढच्या पावसाळ्यात ती परत दाखल झाली तेव्हा माकडहाडाशी एवढी जखम होती की आतलं हाड दिसत होतं. आमच्या दोघींच्या दुखापतीत एका मणक्याचाही फरक नव्हता.

तुम्ही जिथे असाल तिथलं लिहा. काय आपसूक मिळालं, कशासाठी भांडावं लागलं.

पोहुतुकावा

ताई, धागा काढलात फार बरं झालं. मी ऑकलंडची. नवरा डोंगरातल्या पायवाटेवर सायकलवरून पडला, डी-६.

इथे १९७४पासून एसीसी नावाची सरकारी अपघात भरपाई योजना आहे. चूक कुणाची हे विचारत नाहीत. तुम्ही स्वतःच्या निष्काळजीपणाने पडलात तरी चालतं. त्याच्या बदल्यात इथे अपघाताच्या भरपाईसाठी कुणावर खटला भरता येत नाही. नवऱ्याला पगाराच्या ८० टक्के रक्कम दर आठवड्याला मिळू लागली. ओटाराच्या स्पायनल युनिटमध्ये होता तेव्हाच घर पाहायला बाई आली. तिने टेप काढून दारं मोजली, ओट्याची उंची मोजली, न्हाणीघराचा उतार कुठल्या बाजूला हवा ते जमिनीवर खडूने आखून दाखवलं. तो घरी आला तेव्हा रॅम्प तयार होता. सकाळी मदतनीस येतो, त्याचे पैसे एसीसी देते. त्यामुळे मी बायको राहू शकले, चोवीस तासांची नर्स झाले नाही. याचं मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. फिजिओच्या हॉलमध्ये त्याच्या शेजारी एक बाई असायच्या. मज्जारज्जूत गाठ झाली, ती काढताना पाय गेले. अपघात नाही, आजार. म्हणून एसीसी नाही. त्यांना आरोग्य खात्याच्या आणि अपंग सहाय्याच्या वेगळ्या रांगेत उभं राहावं लागलं. तिथे मदतीचे तासही कमी आणि कमाईच्या ८० टक्क्यांचा तर विषयच नाही. त्या आणि माझा नवरा एकाच बाकावर बसून एकच व्यायाम करायचे. इथले लोक ही तफावत वर्षानुवर्षं बोलून दाखवतात, पण ती अजून आहे.

भारतातून भेटीला येणाऱ्या आईवडिलांसाठी एक माहिती : पर्यटक इथे पडले तरी इथे असेपर्यंतचे उपचार एसीसीत बसतात. आजारपण बसत नाही आणि मायदेशी परतल्यावरचा खर्चही नाही. तेव्हा प्रवासविमा घ्याच.

यारानदी

मेलबर्नहून थोडक्यात. सासरे जिन्यावरून पडले, सी-५. इथल्या एनडीआयएसचं, म्हणजे अपंगांसाठीच्या सरकारी सहाय्य योजनेचं, नाव सगळीकडे ऐकलं होतं, पण त्यात शिरताना वय ६५च्या आत लागतं. सासरे त्याच्या पुढचे. म्हणून वृद्धांसाठीच्या योजनेत गेले, तिथे मदत फारच तोकडी. शिवाय एनडीआयएसला नागरिकत्व किंवा पीआर, म्हणजे कायमचा निवास परवाना, लागतो. तात्पुरत्या व्हिसावरच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं. व्हिक्टोरियात (मेलबर्नचं राज्य) रस्त्यावर अपघात झाला तर टीएसी ही सरकारी भरपाई योजना आहे, तिथे चूक कुणाची ते पाहत नाहीत. म्हणजे सासरे जिन्याऐवजी गाडीत जखमी झाले असते तर चित्र वेगळं असतं. हे घरात कुणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतं.

राइनतीर

कृष्णाकाठ, जर्मनीचा प्रश्न तुम्ही अगदी बरोबर सांगितलात. मी सकाळी सायकलने ऑफिसला जाताना गाडीने उडवलं. इथे घर ते काम हा सरळ रस्ताही कामातच धरतात. त्यामुळे माझं सगळं बेरूफ्सगेनॉसेनशाफ्टकडे गेलं. हा मालकांच्या वर्गणीवर चालणारा कामाच्या अपघातांचा विमा. त्यांची स्वतःची इस्पितळं आहेत. शस्त्रक्रिया, पुनर्वसन, हाताने चालवायच्या गाडीचं शिक्षण असं सगळं एकाच आवारात झालं. माणूस पुन्हा कामावर जावा यासाठी जे जे लागेल ते करायचं, असा त्यांचा खाक्या.

माझ्याच मजल्यावर राहणारे गृहस्थ रविवारी घरच्या शिडीवरून पडले. त्यांच्याकडे नेहमीचा आरोग्यविमा आणि शुश्रूषाविमा. त्यात १ ते ५ पायऱ्या असतात, तपासनीस येऊन पायरी ठरवतो. व्हीलचेअरच्या प्रत्येक भागासाठी अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. आम्ही दोघं आता ते अर्ज एकत्र बसून लिहितो.

थेम्सकाठी

इतिहासाचा थोडा भाग मी लिहितो, कारण तो आपल्या सांगलीपर्यंत पोचतो.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत कंबरेखाली लुळा झालेला माणूस फार काळ जगत नसे. मारायच्या त्या दोनच गोष्टी : मूत्रपिंडापर्यंत पोचलेला जंतुसंसर्ग आणि पाठीच्या जखमा. १९४४च्या फेब्रुवारीत लंडनच्या वायव्येला स्टोक मँडव्हिल इथे लुडविग गुटमान यांनी मज्जारज्जूचा वॉर्ड सुरू केला. हे नाझी जर्मनीतून निसटून आलेले ज्यू डॉक्टर. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, हा त्यांचा नियम. ते स्वतः रात्री येऊन पाहत. २९ जुलै १९४८ला लंडन ऑलिम्पिक सुरू झालं, त्याच दिवशी त्यांनी इस्पितळाच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथे आहे.

आणि १९७२च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण कुणी मिळवलं, तर सांगली जिल्ह्यातल्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला जवान. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

आजच्या ब्रिटनचं सांगायचं तर उपचारांचं बिल येत नाही हे खरं. पण मज्जारज्जूच्या खास केंद्रांत खाटा मोजक्या. तिथे जागा होईपर्यंत साध्या इस्पितळात पडून राहावं लागतं आणि जखमा तिथेच होतात. माझ्या बायकोची टाचेवरची जखम अशीच झाली. नंतर केंद्रात गेल्यावर मात्र जे शिकवलं त्याला तोड नाही.

नव्याने आलेल्या मुलांसाठी : वर्क व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते नाहीत, असा शिक्का असतो. एनएचएसचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा, अधिभार व्हिसाच्या वेळीच भरलेला असल्याने उपचार मिळतात, पण पीआयपी हा अपंगत्वाचा भत्ता मिळत नाही. त्या भत्त्यावर मिळणारी मोटॅबिलिटीची गाडीही नाही. कायमस्वरूपी निवास मिळाला आहे की नाही, यावर सगळं अवलंबून.

लोनस्टार

वर व्हिसाचा विषय निघालाच आहे, तर डॅलसमधून लिहितो. धाकटा भाऊ एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, गाडी उलटली, एल-१.

विमा कंपनीचा, उत्तम म्हणावा असा. हेलिकॉप्टरने नेलं, त्याच रात्री शस्त्रक्रिया. पण पुनर्वसन केंद्रात पोचल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून विमावाल्यांचे फोन : "प्रगती किती? घरी कधी?" या देशात १९७०च्या दशकात मज्जारज्जूचा रुग्ण पुनर्वसनात सरासरी ९८ दिवस राहत असे, आता महिनाभराच्या आसपास. माणूस अजून आरशात स्वतःकडे बघायला तयार नसतो आणि त्याला घरी पाठवतात.

नोकरीवर व्हिसा, नोकरीवर विमा. नोकरी गेली तर देश सोडायला किंवा दुसरी शोधायला ६० दिवस. सरकारी अपंगत्व निवृत्तिवेतनाला पुरेशी वर्षं काम केलेलं लागतं, आणि ते मिळालं तरी मेडिकेअर (वृद्ध आणि अपंगांचा सरकारी आरोग्यविमा) सुरू व्हायला आणखी २४ महिने. घरी मदतनीस लागला तर खासगी विमा हात वर करतो. ते काम मेडिकेडचं, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचं, आणि मेडिकेड मिळवायला माणूस कफल्लक व्हावा लागतो. भावाला परत जावं लागलं. तो आता नाशिकला असतो.

एवढं वाईट लिहिल्यावर चांगलंही लिहायलाच हवं. १९९०चा एडीए हा अपंगांच्या हक्कांचा कायदा इथे खरोखर पाळला जातो. भाऊ इथे होता तेवढ्या काळात एकाही दुकानात, थिएटरात, बसमध्ये त्याला कुणाला उचलून न्यावं लागलं नाही. लघवीच्या नळ्या मेडिकेअरवाल्यांना महिन्याला २०० पर्यंत मिळतात, एकदा वापरायची, टाकायची. नाशिकला गेल्यावर तो म्हणाला, "दादा, इथे माझ्यासाठी जीव टाकणारी माणसं आहेत, पण दाराबाहेर पडायला पायरी आहे." आई त्याच्याजवळ आहे, तो खूश आहे, आणि घराबाहेर तो महिन्यातून एखाद वेळी पडतो.

हाजीअली

पायरीचा विषय निघाला म्हणून मुंबईतून लिहिते. मी सी-६, म्हणजे मनगट उचलतं, बोटं वळत नाहीत.

आमच्या इमारतीच्या लिफ्टचं दार आणि न्हाणीघराचं दार दोन्ही दोन-दोन फुटांची. इस्पितळात मिळते ती घडीची व्हीलचेअर दोन फुटांहून रुंद. घरी आल्यावर पहिला प्रश्न खुर्ची बदलायची की भिंत फोडायची, हा होता. लोकलला दिव्यांगांचा डबा आहे, पण फलाट आणि डबा यांतली फट आणि उंची बघता माझी इलेक्ट्रिक खुर्ची त्यात चढवणं अशक्य. मेट्रोने मात्र मी एकटी फिरते. ज्या दिवशी पहिल्यांदा एकटी गेले त्या दिवशी उगाचच शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन आले.

ब्युरोची मावशी चोवीस तासांची. तिचा पगार माझ्या पगारातला मोठा वाटा घेऊन जातो. ती गावी गेली की बदली येते, आणि बदलीला पहिल्या दिवसापासून सगळं शिकवायचं.

डी-६ किंवा त्याच्या वरची दुखापत असणाऱ्या सगळ्यांनी हे नीट वाचा. अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा-मान लाल होऊन घाम सुटला, अंगावर काटा आला, तर ते पित्त नाही. त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. दुखापतीच्या खाली काहीतरी त्रास होतोय आणि शरीर त्याला रक्तदाब वाढवून उत्तर देतंय. ताबडतोब उठून बसवा, पाय खाली सोडा, पट्टा-नाडी सैल करा, मग कारण शोधा. बहुतेक वेळा नळी मुडपलेली असते आणि मूत्राशय तुडुंब भरलेलं. नाहीतर शौच अडकलेलं. त्यातही काही नसेल तर पायाचं नख बघा. माझा रोजचा रक्तदाब वरचा ९५ असतो. एकदा कॅज्युअल्टीत तो १५५ आला, तर तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "थोडासाच वाढलाय." माझ्यासाठी १५५ म्हणजे पक्षाघाताची वेळ. तेव्हापासून मी पर्समध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेलं कार्ड ठेवते, आणि मावशीच्या मोबाइलच्या पडद्यावरही तेच चित्र आहे.

बाकी मुंबईत नीना फाउंडेशनचं काम जरूर बघा. मज्जारज्जूवाल्यांसाठी शहरात हक्काची जागा त्यांच्यामुळे आहे.

फिजिओ_मी

कामानिमित्त मला बांगलादेशात सावारचं सीआरपी हे लुळ्या झालेल्यांचं पुनर्वसन केंद्र बघायला मिळालं. १९७९ साली व्हॅलरी टेलर या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टनी ढाक्याच्या एका सरकारी इस्पितळाच्या पडीक गोदामांत ते सुरू केलं. या धाग्यावर श्रीमंत देशांचीच चर्चा चालली आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

तिथे येणारे बहुतेक रुग्ण झाडावरून पडलेले, नाहीतर डोक्यावर जड ओझं घेऊन चालताना घसरलेले. घरी सोडण्याआधी त्यांना आवारातच एका वेगळ्या वसतिगृहात ठेवतात. तिथे नर्स हाताशी नसते. चूल जमिनीलगत आहे, ती व्हीलचेअरवरून कशी पेटवायची. खुर्चीतून जमिनीवर उतरून परत वर कसं चढायचं. मातीच्या वाटेवर चाक रुतलं तर काय करायचं. नवरा-बायको दोघांना एकत्र शिकवतात. खुर्च्या तिथल्याच कार्यशाळेत बनतात, शिकाऊ आणि कारागीर यांत व्हीलचेअरवरची माणसं आहेत. ज्यांना बसून जखमा झाल्या आहेत ते चाकांच्या पाटावर पालथे झोपून हाताने पाट ढकलत सगळीकडे फिरतात, वर्गात बसतात, कॅरम खेळतात. जखम भरेपर्यंत माणूस खाटेला खिळून राहत नाही.

पैसा तिथे आपल्याहून जास्त नाही. "घरी कोण आहे" हे तेही विचारतात, पण जे कोणी आहे त्याला बोलावून शिकवतात. हे आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाला जमण्यासारखं आहे, असं मी ठामपणे म्हणते.

सुपारीबाग

नमस्कार. मी रत्नागिरीकडचा. सगळं वाचलं. मुलगा २४ वर्षांचा, माडावरून पडला, डी-१०. कोल्हापूरला ऑपरेशन झालं, पुढच्या आठवड्यात घरी आणतोय. परदेशचं वाचून डोळे फिरले, पण मला आत्ता इथे काय करू ते सांगा. नळी कायमची ठेवली आहे. घर जुनं, उंबरे मोठे. आमची दोघांची वयं झालीत.

कृष्णाकाठ

काका, सगळं एकदम करायला जाऊ नका. सांगते त्या क्रमाने करा.

डिस्चार्जच्या आधी, इस्पितळात असतानाच, सिस्टरना सांगून त्याला स्वतःला नळी घालायला शिकवून घ्या. त्याचे हात चांगले आहेत, तो आरामात करू शकेल. यूरॉलॉजिस्ट हो म्हणाले की कायमची नळी काढून दर चार ते सहा तासांनी स्वतःच नळी घालून लघवी काढायची. एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर साठू द्यायची नाही. साधी नेलाटन नळी स्वस्त असते, आपल्याकडे बरेच जण धुऊन पुन्हा वापरतात. ते कसं करायचं हे डॉक्टरांनाच विचारा. पाणी किती प्यायला आणि किती निघालं हे वहीत लिहायचं.

गादी : हवा भरायची, कप्पे आलटून पालटून फुगणारी. ती असली तरी रात्री कूस बदलायचीच. खुर्चीत बसला की दर अर्ध्या तासाने पुढे टेबलावर वाकून दोन मिनिटं तसंच राहायचं. हातांवर उचलून पाच सेकंद अधांतरी राहिलं तर रक्त नीट परत येत नाही. रोज रात्री हातआरसा घेऊन त्याने स्वतः कुल्ले, माकडहाड, टाचा बघायच्या. लाल डाग दाबून पांढरा होत नसेल तर त्या भागावर अजिबात भार नाही, डाग जाईपर्यंत. गरम भांडं मांडीवर ठेवायचं नाही, त्याला चटका कळणार नाही.

उंबऱ्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी उतार करून घ्या, एक इंच उंचीला निदान एक फूट लांबी. न्हाणीघराचं दार मोजा आणि मगच खुर्ची घ्या.

कागदपत्रं : सातबारा तुमच्या नावावर असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेची चौकशी उद्याच तालुका कृषी कार्यालयात करा. कुटुंबातल्या एकाचा त्यात समावेश होतो, झाडावरून पडणं बसतं, पण अर्जाची मुदत थोडी असते. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला. मुलगा कारखान्यात कामाला असेल आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर तेही सांगा.

गुरुवारी संध्याकाळी फोन करता येईल का? व्यनित (व्यक्तिगत निरोपात) नंबर पाठवते. तुमच्याशी नाही, मुलाशी बोलायचं आहे. आणि बरोबर हाजीअलीताई असतील.

हाजीअली

असणार. काका, त्याला सांगा की काही विचारायला लाजायचं नाही. लग्न, मूल, शौच, सगळं विचार.

सुपारीबाग

सांगतो. सिस्टर उद्या सकाळी नळी शिकवते म्हणाली आहे. तो विचारतोय, माडाखालच्या वाटेवर व्हीलचेअर जाईल का.

फिजिओ_मी

वाटेचे फोटो टाका. जांभा बसवलेला असेल तर मोठ्या पुढच्या चाकाची तीनचाकी खुर्ची जाईल. वाळू असेल तर आधी वाट करावी लागेल, ते कसं ते सांगते.